मिरचीच्या रांगेतली मुकादमीण

वाळल्या मिरचीचा खकाणा आठवला तरी आजही मला ठसका लागतो. धर्माबादला माझ्या खोलीसमोरच्या गोदामात बायका मिरचीचे देठ खुडत. त्यांची मुकादमीण रांगेच्या मधोमध, धूळ सर्वांत दाट असे तिथे, स्वतः खुडत बसे. जळत्या बोटांना तेल लावी, तेही आधी इतरांच्या, मग स्वतःच्या.

"आपला हात जळल्याबिगर दुसरीला काम कसं सांगू, बाई?" ती म्हणे.

एके दिवशी बायकांनीच मालकाकडे तक्रार नेली, "ही शेजारी बसती, कंबर सरळ कराया मिळत न्हाई."

मालकाने खुर्चीत बसणारी नवी मुकादमीण नेमली. जुनी मजूर होऊन त्याच जागी खुडत राहिली.

"तक्रार करणाऱ्या तुमच्याच बायका ना त्या?" मी तिला विचारले.

तिने हातातला देठ मोडला.

"व्हत्या."