उत्तर आधीच आलं होतं

मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत लागले, तेव्हा रसायनाने डोळ्याला किती इजा होते हे सशांच्या डोळ्यांवर बघितलं जायचं. सशांची देखभाल एक मावशी करायच्या. आंबिवलीजवळच्या गावातल्या, आगरी. पिंजरे धुताना त्यांची सशांशी सतत बडबड चालायची. त्यातला एक तरुण पांढरा ससा मावशींचा आवाज आला की जाळीला नाक लावून उभा राहायचा. कोथिंबिरीच्या काड्या त्यालाच आधी मिळायच्या.

मग प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या डॉक्टरबाईंनी, नवी पद्धत आणली. माणसाच्या पेशींपासून वाढवलेला, बुबुळावरच्या आवरणासारखा पातळ थर. त्यावर रसायन टाकायचं आणि किती पेशी जगल्या ते मोजायचं. मी ते शिकले. मावशींना दाखवलं, तर त्या पदर सावरत वाकून बघत राहिल्या.

"म्हंजे आता यांच्या डोल्यांत नाय ना काय टाकायचं?"

"हळूहळू बंदच होईल, मावशी."

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

थोड्याच महिन्यांनी एका तणनाशकाचा नमुना आला. पेशी जवळजवळ सगळ्या मेल्या. डोळा जाईल असंच रसायन होतं ते, शंकेला जागाच नव्हती. आम्ही तसं कळवलं. कंपनीच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, पेशींचं ठीक आहे. पण नोंदणीला सशाचाच रिपोर्ट मागतात. फाइल अडकेल."

"अहो, उत्तर आलंय ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते पुन्हा विचारायला एका जिवाचा डोळा कशाला जाळायचा?"

बरेच दिवस त्या भांडल्या. शेवटी सशावरची चाचणी करा, असा वरून हुकूम आला. अशी चाचणी आधी एकाच सशावर करतात. उरलेल्यांत वयाने, वजनाने बसणारा मावशींचा तो पांढरा ससाच होता.

मावशी म्हणाल्या, "मना देशील त्याला? मीच धरतंय. दुसऱ्या कोणाला तो घाबरंल गो."

त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. डॉक्टरबाईंनी आधी डोळा बधिर केला, मग मी थेंब टाकला. तो ओरडला नाही. ससे सहसा ओरडत नाहीत. मावशींच्या हाताखाली त्याचं अंग थरथरत होतं, आणि त्या त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होत्या. संध्याकाळपर्यंत बुबुळ दुधासारखं पांढरं झालं. असं झालं की प्राण्याला पुढे त्रासात ठेवत नाहीत. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं तेव्हाही तो मावशींच्या मांडीवरच होता. त्याचं नाक हलायचं थांबलं, तरी त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सशाच्या रिपोर्टात मी जे लिहिलं, ते पेशींच्या रिपोर्टात आधीच लिहिलेलं होतं.

पुढे आमच्याकडचा सशांचा विभाग बंद झाला. ज्यांच्यावर काही केलेलं नव्हतं, ते ससे परवानगी घेऊन खडवलीकडच्या एका वाडीवर दिले. मावशींना विचारलं, एखादा घरी नेता का? त्यांनी मान हलवली. नको. त्यांना काचेची भांडी धुण्याचं काम मिळालं. तिथे त्या कोणाशी बोलत नाहीत.

परवा तसाच एक नमुना फक्त पेशींच्या चाचणीवर मंजूर झाला. मी धावत मावशींना सांगायला गेले.

"बरं झालं गो," त्या म्हणाल्या. नळ त्यांनी अजून मोठा सोडला. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि खांदे हलत होते. त्यांना हात लावायचा धीर मला झाला नाही.