गाळून टाकलेला आवाज

आईची वाचा गेली तेव्हा मी देवाशी अबोला धरला. आमच्या लिंगायत घरात प्रत्येकाच्या गळ्यात शिवाचं लिंग असतं. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात काही घालायचं, असं लहानपणापासूनचं वळण. पुण्याला शिकायला आले, पुढे संशोधनाला लागले, तरी ते वळण मी कसंबसं पाळत होते. एक डोळा घड्याळाकडे असायचा, पण पाळत होते. आईला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं, जीभ उचलेना. त्यानंतर पूजेला बसले की मनातून एकच निघायचं, 'शिवा, न्यायला तुला दुसरं काही सापडलं नाही का रे?' उत्तर यायचं नाही. मग मीही मुकाट्याने भस्म लावून उठू लागले.

तिचा आवाज म्हणजे काय चीज होती, ते आमच्या गावात, नांदूरघाटात, कुणालाही विचारा. आमचं किराणा दुकान आहे. वडील गेल्यावर गल्ल्यावर दादा बसायला लागला, पण गिऱ्हाईक टिकवलं ते आईच्या आवाजाने. कुणी बाई सामानातली साखर विसरून निघाली तर आई ओट्यावरून अशी हाक मारायची की बाई पार कोपऱ्यावरून परत यायची. सोमवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायकांचं भजन असायचं आणि चाल धरायची ती आईनेच. वडील थट्टेने म्हणायचे, "हिला भोंगा कशाला पायजे? हीच एक भोंगा हाय." मला ती एका नावाने हाक मारायची. शाळेतलं नाव वेगळं. ते नाव तिच्याशिवाय जगात कुणीच घेत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. मी फोन उचलला की आधी तेच नाव, तेही एवढ्या मोठ्याने की शेजारच्या टेबलावरची मुलं हसायची. "आई, हळू बोल गं," असं मी तिला किती वेळा म्हणाले असेन, याचा आता विचार करवत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. आजारी माणसाच्या छातीवर एक लहानशी पट्टी चिकटवायची. हृदयाची धडधड, श्वास, छातीची हालचाल, असं सगळं ती टिपते आणि फोनमधून आमच्याकडे पाठवते. आम्ही संगणकाला पुष्कळ रुग्णांच्या अशा नोंदी दाखवून शिकवलेलं असतं, की माणसाची तब्येत बिघडायच्या आधी या रेषा कशा बदलतात. तसं काही दिसलं की तो इशारा देतो. मोठ्या दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या माणसांसाठी हे काम आहे. ते सुरू केलं तेव्हा डोळ्यांसमोर आमचाच तालुका होता. शिकवण्याआधी नोंद साफ करावी लागते. खोकला, बोलणं, पदर घासणं, कूस बदलणं, हे सगळं आमच्या लेखी कचरा. ते गाळायचं आणि स्वच्छ रेषा तेवढी ठेवायची. मी संगणकासाठी लिहिलेली गाळणी आमच्या गटात सगळ्यांत चांगली मानली जायची, आणि मला त्याचा थोडा तोराही होता.

माझ्या मार्गदर्शक सरांची परवानगी काढून मी तशी एक पट्टी आईला लावायला गावी गेले. तिथे पहिलीच अडचण उभी राहिली. पट्टीची जागा छातीच्या मधोमध, आणि नेमकं तिथेच आईचं लिंग, चांदीच्या डबीत, दोऱ्याला. प्रत्येक श्वासाला डबी पट्टीवर आपटायची. मी म्हटलं, थोडे दिवस उतरवून उशाशी ठेवू. दादा एकदम ताठ झाला.

"लिंग अंगावरून उतरत न्हाई. तुझी पट्टी सरकव."

"दादा, पट्टीची जागा ठरलेली असते."

"आन् लिंगाची न्हाई व्हय?"

आईने डाव्या हाताने डबी मुठीत घट्ट धरली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलता येत असतं तर तिने मला काय सुनावलं असतं ते मला ऐकू आलं. शेवटी मी पट्टी वर सरकवली, गळ्याच्या खळीखाली. सरांना फोन करून कुरकुर केली की या जागेवर नोंद काही धड येणार नाही. सर म्हणाले, असू दे, बघू.

पुण्यात परतले. तेव्हापासून माझ्या पडद्यावर एका कोपऱ्यात आई असायची. तिचं हृदय कसं चाललंय, तिने दुपारी डोळा लावला का, सगळं मला कळायचं. लोकांना वाटायचं, किती छान, आईवर लक्ष ठेवता येतं. मला मात्र त्या रेषेकडे पाहून भूक लागल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी वहिनी फोन आईच्या कानाशी धरायची. मी म्हणायचे, "आई, बोल ना गं. एकदाच." तिकडून नुसता श्वास यायचा, मग घशात काहीतरी अडखळायचं, मग रडणं. पडद्यावर तिची धडधड वाढलेली दिसायची आणि मी घाईने फोन ठेवायचे. बीडच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, शब्द येतील किंवा येणार नाहीत. मला सगळे शब्द नकोच होते. मला माझं एक नाव हवं होतं, तिच्या तोंडून. ती जाण्याआधी एकदा. चालत्या बसमध्ये, भाजी निवडताना, मी स्वतःशीच त्या नावाने हाक मारून बघायचे. ते तसं लागायचं नाही.

कार्तिकातला सोमवार होता. टळटळीत दुपार सरून उन्हं कलायला लागलेली. मी प्रयोगशाळेत होते आणि पडद्यावर आईची चौकट लाल झाली. श्वास बिघडल्याचा इशारा. चटकन आत ओढलेला श्वास, मग लांबच लांब सोडलेला, पुन्हा चटकन आत. धडधड वाढलेली. असे श्वास मी फार वाईट अवस्थेतल्या रुग्णांचे पाहिले होते. वहिनीला फोन लावला, उचलला नाही. दादाला लावला, तो माल आणायला केजला गेलेला. "मी निघतो, गाठतो घर," म्हणाला, पण त्यालाही वेळ लागणार होता. मी पुण्यात, ती नांदूरघाटात. इतकी वर्षं शिकून मी जे बनवलं होतं, ते मला एवढंच सांगत होतं की तुझी आई चालली.

मी गळ्यातलं लिंग कपड्यावरूनच मुठीत धरलं. तेव्हा माझा अबोला सुटला. मी म्हटलं, शिवा, आवाज नको, नाव नको, मी पुन्हा कधी मागणार नाही. तिला ठेव. नाही ठेवायची तर तिला घाबरू देऊ नको, तू जवळ बस. थोडा वेळ मी खरंच काही मागितलं नाही.

मग सवयीने हात चालला. पट्टी निघून तर आली नसेल, हे बघायला मी न गाळलेली, कच्ची नोंद उघडली. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. गाळणीने जे फेकून दिलं होतं ते डोंगराएवढं होतं. आमच्यात कधी कधी धडधड कानाने ऐकायची पद्धत आहे. मी तो फेकलेला भाग कानाला लावला.

आधी नुसती घरघर. मग भिंतीपलीकडून यावा तसा एक आवाज. वर चढणारा, एका जागी रेंगाळणारा, उतरणारा. शब्द एकही कळत नव्हता. पण ती चाल मी ओळखली. आमच्या ओट्यावरची, सोमवारची. आणि जिथे सगळ्या बायका थांबतात तिथे न थांबता पुढे अर्धी ओळ ओढून नेणारी आमच्या गावात एकच बाई आहे. आई गात होती.

मी प्रयोगशाळेत सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडले. कुणी पाणी आणलं, कुणी विचारलं, काय झालं? गाताना माणूस चटकन श्वास घेतो आणि लांबवर सोडतो, एवढी साधी गोष्ट. आमच्या संगणकाने गाणारं माणूस कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही त्याला दाखवले ते सगळे खाटेवर गप्प पडलेले.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती हसत होती आणि रडतही होती.

"ताई, अवो घाबरू नका! फोन आत चार्जिंगला हुता. आत्या गायल्या! तोंडानं गायल्या!"

"पण आई गायली कशी? काय झालं?"

"एक बाई आल्या. कपिलधारच्या जत्रेला पायी निघाल्यात, दिंडी म्होरं गेली आन् ह्यांचा पाय लई सुजला, म्हणून आपल्या ओट्यावर टेकल्या. मी पाणी दिलं, चहा टाकला. बसल्या बसल्या त्या नमः शिवाय म्हणाया लागल्या आन् आत्यांनी आतून सूरच धरला की! म्या तर कपच टाकला हातातला."

"आई काय म्हणाली? शब्द आले?"

"शिवा म्हणल्या. साफ. शिवा, शिवा. दुसरं न्हाई काई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी केजला आणि तिथून गावी पोचले. ती बाई तोवर गेली होती. आईचा सूर पुरता लागल्यावर पदराने तोंड पुसून उठली म्हणे, आणि एका पिकअपमध्ये बसून पुढे गेली. वहिनीच्या आणि दादाच्या घाईत तिचं नाव, गाव विचारायचं राहूनच गेलं. वहिनीला एवढंच आठवत होतं की तिच्या कपाळावर भस्माचे ठळक पट्टे होते आणि तिने चहात साखर जास्त मागितली.

आईजवळ बसले आणि माझी हाव परत जागी झाली. काल जे सोडते म्हटलं होतं ते आज हवं झालं. मी तिचा चेहरा हातात धरला. "आई, मी आले. माझं नाव घे ना. बघ, पहिलं अक्षर मी सांगते." तिने ओठ गोळा केले, मान ताणली, गळ्याच्या शिरा वर आल्या. शब्द आला नाही. मी पुन्हा म्हटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तशी दारातून वहिनी कडाडली, "ताई, सोडा की त्यांना! परीक्षा घ्याया आलाव का भेटाया?"

मला फार लाज वाटली. मी तिथून उठले, ओट्यावर जाऊन बसले. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा आईला आम्ही धरून बाहेर आणलं, टेकून बसवलं. मला सूर नाही. लहानपणी भजनात मी तोंड उघडलं की आईच डोळे वटारायची. तरी मी सुरू केलं, माझ्या फाटक्या गळ्याने. आईने कपाळाला आठी घातली, मी चाल बिघडवली तिथे डाव्या हाताने मांडीवर थाप मारली, आणि मग स्वतःच धरली. "शिवा..." खरखरीत, अर्धवट, पण तिचाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. मी तो आवाज पुण्याहून मागत होते आणि मीच बनवलेल्या गाळणीने तो येताच फेकून देत होते.

पौर्णिमेला मी आणि दादा कपिलधारच्या जत्रेला जाऊन आलो. त्या बाईला शोधायचंच असं मनात होतं. तिथल्या स्वामींच्या समाधीपुढे एवढी गर्दी, प्रत्येकीच्या कपाळाला भस्म आणि बहुतेकींचे पाय सुजलेले. दादा म्हणाला, "कुणाकुणाला विचारणार गं आपण?" मग धबधब्याच्या पाण्याने तोंड धुतलं, नारळ ठेवला आणि ज्या ज्या बाईशी नजर मिळाली तिला हात जोडले. एकीने हसून मलाच आशीर्वाद दिला.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, वाचा गेलेली माणसं कधी कधी गाऊ शकतात, गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते. हे पुस्तकात आहे. आणखी थोडे दिवस गेले असते तर कुणी ना कुणी सांगितलंही असतं. मी वाद घालत नाही. पण एवढ्या ओट्यांतून त्या बाईला आमचाच ओटा दिसला, आणि पट्टी नेमकी आईच्या गळ्याशी होती, ती माझ्या इच्छेविरुद्ध तिथे सरकली म्हणून. यावर मी नुसते हात जोडते. सरांनी गाळणी बदलायला सांगितली. आता आमचा संगणक बोलणं आणि गाणं वेगळं काढून ठेवतो. टाकून देत नाही.

आई अजून बोलत नाही. पाणी हवं तर बोट दाखवते. रोज संध्याकाळी वहिनी फोन धरते, मी इकडून बेसूर सुरुवात करते आणि आई वैतागून तिकडून धरते. कधी मध्येच थांबते. तिचा श्वास ऐकू येतो आणि माझा जीव कानात येतो, की आता घेईल, आता माझं नाव घेईल. मग ती म्हणते, "शिवा." मीही म्हणते, "ओ, आई."