भरिताच्या फोटोतला हात

मंडळी, आमच्या गावच्या भरीत पार्टीचा फोटो आज पेपरात आलाय. वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचली ती माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं. दोंडाईचाच्या लेकीला तिनं कालच सांगून ठेवलेलं, "पेपर पाय, मना फोटो येवाव शे."

फोटोत पुढारी ओळीनं पळी धरून उभे. खाली नावं, पार हुद्द्यांसकट.

थोड्या वेळापूर्वी लेकीचा फोन आला, स्पीकरवर. "आई, फोटोत तू कुठंय?"

अक्का हळूच म्हणाली, "कडेले बडगीवर हात दिखस ना, तो मना शे."

"हां माय! बांगड्या मीच दिलेल्या!"

अक्काचा चेहरा फुलला.

तुमच्या आजच्या पेपरात फोटोच्या कडेला कोणाचा हात आहे? नाव माहीत असेल तर खाली लिहा.