अळणी नवस

आमचा एक बैल माझ्या वडिलांचा हात चाटायचा. दुपारी औत सोडलं की दादा त्याच्यापुढं कोपरापर्यंत उघडा हात धरायचे आणि तो खरखरीत जिभेनं सगळा घाम पुसून काढायचा. मी तेव्हा ओतूरच्या कॉलेजात बारावी सायन्सला होते. त्याला त्यात काय गोड लागतं म्हणून एकदा मीही माझं मनगट चाटून पाहिलं. खारट लागलं, आणि वर आईचा धपाटा बसला.

त्याच हिवाळ्यात दादांना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय. रोजची एक गोळी दिली, मीठ कमी करायला आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पण दादांना ‘कमी’ हा प्रकार कधी जमलाच नाही. तंबाखू सोडली तीसुद्धा एका सकाळी, डबी विहिरीत फेकून. संकष्टीला ते ओझरला गेले आणि वर्षभर तोंडात मीठ घालणार नाही, असं गणपतीपुढं बोलून आले. कुणी देवाला वांगं सोडतं, कुणी भोपळा. यांनी मीठ सोडलं.

आईचा हात सैल, म्हणून नवसाची राखण माझ्याकडं आली. मी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली. त्यांची भाजी वेगळी, भाकरीचं पीठही वेगळं. चुलीशी बसून मी परीक्षेचा अभ्यास करायचे. शरीरातले निरोप मज्जातंतूंमधून जातात ते सोडियमच्या जिवावर, हे मी त्यांची अळणी आमटी ढवळतच पाठ केलं. ते मार्कांसाठी होतं, आमटीशी त्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षा संपली आणि कांदा काढायला सुरुवात झाली. आमच्या पिंपळवंडीचं चैत्रातलं ऊन, दिवसभर ओणवं काम. दादा डॉक्टरांचा शब्द पाळत तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते. आई धुणं धुताना म्हणाली, यांच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचे पांढरे डाग पडायचे, ते हल्ली पडत नाहीत. दोन दिवसांनी बैलानं त्यांचा हात हुंगला आणि तोंड फिरवलं. मला लई मजा वाटली. शरीर मीठ धरून ठेवतंय, घामातून जाऊ देत नाही, असं मी वहीत लिहून ठेवलं. एवढी हुशार होते मी.

मग दादांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपुढं उभे राहून, हिरवं बटण दाबायचं की लाल, याचा ते विचार करत बसायचे. आम्हाला वाटलं उन्हाचा त्रास. एका दुपारी मी त्यांना जेवायला वाढलं. त्यांनी घास तोंडात घोळवला आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, “आक्का, चिमूटभर मीठ दे गं.”

आक्का त्यांची थोरली बहीण. ती जाऊन दहा वर्षं झाली होती.

“नाय दादा,” मी म्हणाले. “नवस हाय.”

त्यांनी मान हलवली आणि मुकाट्यानं जेवले. त्यांनी मला आक्का म्हटलेलं कळलं होतं, पण मीठ काही मी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी येताना आपल्याच बांधावर वाट चुकले. कांदा निघालेल्या वावरात खतासाठी आम्ही मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांचा धनगर, म्हातारा माणूस, सपाट दगडांवर खडेमीठ पसरून कळपाला चाटायला लावत होता. मी दादांना शोधत गेले, तर ते मेंढ्यांमध्ये उकिडवे बसलेले. बोट दगडाकडं न्यायचे आणि मागं घ्यायचे. भान गेलं होतं, पण नवस अजून बोटाला धरून होता. मला तिथंच रडू फुटलं.

म्हातारा म्हणाला, “पोरी, बापाला मीठ कमी पडलंय. मेंढरं आशीच करत्यात.”

जीपनं ओतूरला नेलं. रक्त तपासलं तर सोडियम पार खाली गेलेलं. डॉक्टरांनी समजावलं, की मीठ नाही, वरून पाणी भरपूर, त्यात गोळीही लघवीवाटे मीठ काढणारी, त्यामुळं मेंदूला सूज आली होती. “मी कमी करा म्हणालो होतो,” ते म्हणाले, “बंद करा नव्हतो म्हणालो.” त्यांनी गोळी बदलली आणि सलाईन लावलं.

तिसऱ्या दिवशी दादांनी मला माझ्या नावानं हाक मारली. बाटलीत काय आहे विचारलं. मिठाचं पाणी, मी म्हणाले. त्यांनी बराच विचार केला आणि तोंडानं घेतलं नाही म्हणजे नवस मोडला नाही, असा निकाल दिला. तरी पुढं ओझरला जाऊन देवाची माफी मागून आलेच.

त्यानंतर आठवड्याभरानं बैलानं पुन्हा त्यांचा हात चाटला. दादा खूश होऊन मला म्हणाले, “एवढ्या दिसांत मला एकदाबी मीठ खावंसं वाटलं न्हाई का गं?”

“वाटलं व्हतं,” मी म्हणाले. “तुमी मागितलं व्हतं. मी दिलं न्हाई.”

त्यांचा हात बैलापुढंच राहिला. मग आम्ही जेवायला बसलो. त्यांनी मिठाची वाटी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, “किती घालायचं ते तूच घाल.”

माझ्या हातून चिमूट काही उचलली जाईना.