चाकवताची नोटीस

सप्टेंबर लागला की आमच्या अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यांवर, दोन गोष्टींचं अमाप पीक येतं: रनर बीन्स आणि किस्से. दोन्ही फुकट वाटायला काढली तरी ओळखीचे लोक रस्ता बदलतात. तेव्हा निदान किस्से तरी तुम्ही घ्या.

*

मी जन्मभर क्लार्क. पहिल्या वर्षी लसूण लावायला फूटपट्टी घेऊन गेलो. दोन पाकळ्यांत बरोबर सहा इंच, आणि प्रत्येक ओळीची वहीत नोंद. शेजारच्या प्लॉटवरचा रॉन फावड्यावर रेलून बघत होता.

"एखादी पाकळी उशिरा उगवली तर मेमो देणार का, डक?"

नॉटिंगहॅममध्ये बायको, बँक मॅनेजर आणि कुत्रा, सगळ्यांनाच 'डक' म्हणतात, म्हणून मी रागावलो नाही. पुढच्या जुलैत सगळ्यात मोठा गड्डा निघाला तो ओळीबाहेर, माझ्या हातून चुकून पडलेल्या पाकळीचा!

*

बटाटे काढताना खणायचा काटा मातीत घातला, की नेमका सगळ्यात मोठा बटाटा भोसकला जातो. बायकोला म्हटलं, "योगायोग."

"नाही हो," ती म्हणाली, "नेम! घरातसुद्धा तुमच्या हातून फुटतो तो महागाचाच ग्लास."

*

आमचे कांबळे हॉस्पिटलच्या नोकरीतून रिटायर झाले. तीन वर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर त्यांना प्लॉट मिळाला. अर्ध्या प्लॉटवर त्यांनी चाकवत पेरला. ताकातल्या भाजीचा आपला चाकवत इंग्लंडमध्ये तण समजतात. त्याचं बी रॉनच्या प्लॉटवर उडायला लागलं. कमिटीकडे तक्रार कोणी केली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सेक्रेटरी मार्गारेट बघायला आली. "हे उगवलंय की लावलंय?"

"पेरलंय," कांबळे म्हणाले.

"मुद्दाम?"

कांबळ्यांनी मान डोलावली. मार्गारेटने कबुलीजबाब घ्यावा तसं लिहून घेतलं. आठवड्यात नोटीस आली: अठ्ठावीस दिवसांत तण काढा, नाहीतर प्लॉट यादीतल्या पुढच्या माणसाला!

*

कांबळ्यांची मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "बाबा, मी इंटरनेटवर चेक केलं. इट इज अ वीड."

"इंटरनेटच्या आईने कधी ताकातली भाजी केली होती का?"

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो कांबळे, उपटून टाका की. प्लॉट तरी राहील."

"प्लॉट गेला तर सकाळी उठून जायचं कुठे, हे मलाही कळतं, भाऊसाहेब. शिजवायला रोज उपटतो. तण म्हणून नाही उपटणार."

*

मग मी नोटिशीला उत्तर लिहून दिलं. चार पानं, सहा मुद्दे, दोन परिशिष्टं. आयुष्यात इतका देखणा ड्राफ्ट केला नव्हता. मार्गारेटचं उत्तर एका ओळीचं आलं: "नऊ दिवस उरले आहेत."

*

तपासणीच्या सकाळी कांबळे कोट घालून आले होते. चाकवत जागच्या जागी. मार्गारेट हातात फॉर्म घेऊन निघाली. कांबळ्यांकडे जायचं तर रॉनच्या प्लॉटवरूनच वाट होती. हा प्लॉट दरवर्षी कप मिळवणारा. तिथे तण शोधायला भिंग लागतं.

ती मध्येच थांबली. काढलेल्या कांद्याच्या जागी दोरी ताणलेली. दोरीखाली एका रेषेत चाकवताची पंधरा-वीस रोपं. नुकतीच लावलेली, माना टाकलेली, मुळाशी पाणी घातलेलं.

"रॉन, हे काय आहे?"

"पीक."

मार्गारेटने रॉनकडे पाहिलं, कांबळ्यांच्या हिरव्यागार अर्ध्या प्लॉटकडे पाहिलं, मग बराच वेळ फॉर्मकडे. दोन्ही रकान्यांत 'लागवड आहे' असं लिहिलं आणि पुढच्या प्लॉटकडे गेली.

ती लांब गेल्यावर रॉन कुंपणाशी आला. कांबळ्यांना हळूच विचारलं,

"हे वाढतं किती उंच? चाळीस वर्षं उपटतोय, कधी वाढूच दिलं नाही."