आत्याच्या स्वयंपाकघराची पितळी जाळी

मी आज जो काही आहे, तो माझ्या आत्यामुळे. ती बालविधवा. माझे वडील गेल्यावर तिने कल्याणास एका सावकाराच्या घरी स्वयंपाकाचे काम धरले आणि त्यावर मला बी.ए.पर्यंत शिकवले. खडवलीजवळच्या आमच्या गावात तोवर कोणी इंग्रजी शाळेचा उंबराही ओलांडला नव्हता.

मी कॉलेजात असताना त्या घरी चोरी झाली. चोर परसदाराने स्वयंपाकघरात शिरला आणि तिथल्या देवघरातली चांदीची उपकरणी घेऊन गेला. मालकांनी परसदार चिणून टाकले आणि माजघराच्या बाजूस मुंबईहून मागवलेली पितळी जाळी बसवली. लोखंडी चौकटीत वेली, वेलींवर आठ पाकळ्यांची फुले. ताटे बाहेर द्यायला एक लहान खिडकी आणि एक कुलपाचे दार. किल्ली मालकीणबाईंच्या कमरेला. आत्या सोवळ्याने आत गेली की दार लागे, ते पंगती उठल्यावर उघडे. चांदीही राही, सोवळेही मोडत नसे. पाहुण्यांना मुद्दाम जाळी दाखवायला आणत. तेही वाकून नक्षी बघत. पलीकडे धुरात बसलेली बाई कुणाला दिसत नसे.

पदवीचा कागद मिळाला तेव्हा मी तो घेऊन तडक कल्याणास गेलो. दार बंदच होते. मी जाळीबाहेर बसलो.

"आलास? आता साहेब झालास बाबा. माझ्या आमटीला नावं ठेवशील."

"आत्ये, तुझ्या आमटीवरच झालो साहेब. हा बघ कागद."

मी कागद जाळीला लावला. तिने चेहरा जवळ आणला आणि म्हणाली, "किती सुरेख छाप उठलाय रे!"

घाईत कागद उलटा धरला गेला होता. तिच्याकडे कोरी बाजू होती.

"आत्ये, या बाजूला काहीच नाही."

ती जाळीच्या फुलावर बोटे टेकून हलकेच म्हणाली, "हळू बोल. बाई ओटीवर आहेत."

मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. सोवळ्यामुळे तिच्या स्वयंपाकघरात कोणी पाऊल टाकत नसे, म्हणून कोणाला कळले नव्हते. जाळी ती रोज चिंचेने घासत असे, त्यामुळे फूल न् फूल हाताला ठाऊक. मोडक्या पाकळीच्या फुलासमोर चूल, वेल वळते तिथे पाण्याची घागर.

"ठाण्याला चल. मला नोकरी लागतेच आहे."

"तिथे काय, भिंती चाचपत हिंडू? तुझ्या पंक्तीला बसलेली आंधळी म्हातारी बघून कोण मुलगी देईल तुला? इथे मी अजून कामाची बाई आहे."

"आणि पदराला जाळ लागला तर?"

"गेली इतकी वर्षं नाही लागला."

मी नोकरीला लागलो, ठाण्यास बिऱ्हाड केले. मग तिला पत्र पाठवले. ते मालकीणबाईच वाचून दाखवणार, म्हणून जपून लिहिले. तिचा निरोप आला: मालकांच्या वडिलांचे श्राद्ध आटोपले की येते, तोवर त्यांना दुसरी बाई कुठून मिळणार?

श्राद्धाच्या दिवशीच तिच्या पदराने पेट घेतला. मुलांनी शिवू नये म्हणून दाराला कुलूप होते. कुलूप लावल्यावर मालकीणबाईही सोवळे नेसल्या. किल्ली नेसत्या ओवळ्या लुगड्याबरोबर दांडीवर राहिली होती. घरातले सगळेच सोवळ्यात. ओरड झाली, पण त्या लुगड्याला हात लावायला क्षणभर कोणीही पुढे झाले नाही. मग शेजारचा एक माणूस धावत आला, त्याने किल्ली ओढून काढली. तोवर जाळीतून घागरी ओतत होते. पाणी आत जात होते, हात जात नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा सगळे झाले होते. मालक रडत होते, आणि ते रडणे खोटे नव्हते. जाळी काळी पडली होती. पुढे ती घासून पुन्हा लख्ख केली, असे ऐकले.

तिच्या बोचक्यात माझे पत्र होते. हाताळून त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या.

"तीर्थस्वरूप गंगा भागीरथी आत्याबाईंचे सेवेशी,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथे बिऱ्हाड चांगले मिळाले. दोन खोल्यांपुरती जागा आहे. मधे भिंत नव्हती, म्हणून तांबटाकडून पितळेची जाळी करून बसवली. कल्याणच्या जाळीसारखीच वेल आणि तशीच फुले सांगितली. मोडक्या पाकळीचे फूलही मुद्दाम करवले, तांबट मला हसला. चूल त्या फुलासमोर आहे. पाण्याची घागर वेल वळते तिथे आहे. जाळीत ये-जा करायला मोकळी वाट ठेवली आहे, दार नाही, म्हणून कुलूपही नाही. चिंच आणून ठेवली आहे. कधी निघता ते कळवावे, मी न्यायला येतो.

आपला आज्ञाधारक,
भाचा"