ट्रान्सफर चार्ज

साहेबानं माझ्या पावत्या हातात घेतल्या नाहीत. पेनाच्या टोकानं उलटल्या. मग रुमालानं पेन पुसलं.

जिंतूरची फायनान्स कंपनीची शाखा. मी उभी. टेबलापुढच्या एका खुर्चीवर आमच्या बोरीचे दादासाहेब चहा पीत बसलेले. मोठे बागायतदार. दुसरी खुर्ची रिकामी होती. मी आत आले तशी साहेबानं तिच्यावर आपली बॅग ठेवली.

माझी व्हॅन आहे. मीच चालवते. बाळंतिणी, डायलिसिसचे पेशंट परभणीला नेते. आमच्या बुद्धवाड्यात स्टेअरिंग हातात घेतलेली पहिली बाई मी. गाडी कर्जाची. ज्या कंपनीनं कर्ज दिलं, तिनं ते या दुसऱ्या कंपनीला विकलं. मला नुसता मेसेज आला. महिनाभरानं दुसरा मेसेज. ट्रान्सफर चार्ज, फाईल चार्ज, दोन हप्ते थकल्याचा दंड. साडेनऊ हजार. ते दोन्ही हप्ते मी वेळेवर भरलेले. जुन्या कंपनीनं घेतले, पुढं पाठवले नाहीत. दंड मला.

"हप्ते भरलेत साहेब. पावत्या हायेत."

"आमच्याकडं दिसत नाहीत."

"मग त्या कंपनीला विचारा. कर्ज तुमी तिच्याकडूनच घेतलंय."

तो दादासाहेबांकडं बघून म्हणाला, "या लोकांना सगळं फुकट पाहिजे. गाडी कशाला घेतली बाई? जयंतीला मिरवायला?"

दादासाहेब हसले. पोट हलेपर्यंत.

ते हसू मला पाठ होतं. माय त्यांच्या रानात कापूस वेचायची. संध्याकाळी काट्यावर वजन कमी भरायचं. एकदा मायनं विचारलं तर असेच हसले होते. माय घरी येताना मला म्हणाली, "जाऊ दे." लय वर्षं मीही जाऊ दिलं.

त्या दिवशी नाही. मी खुर्चीवरची बॅग उचलली, खाली ठेवली. बसले. 

"ट्रान्सफर चार्ज करारात कुठं लिहिलाय, दाखवा."

"करार इंग्रजीत आहे."

"वाचलाय मी. तीन दिवस लागले. त्यात न्हाई. असंल तर बोट ठेवा. नसंल तर कोणत्या नियमानं घेताय ते लिहून द्या."

"असं लिहून देता येत नाही."

"मग मागता कसं येतं?"

"गाडी ओढून नेऊ."

"हेही लिहून द्या. सही-शिक्क्यानं."

तो करार चाळायला लागला. त्याला पानच सापडेना. रोज लोकांना धमकावणारा माणूस, आणि आपला कागद त्यानं कधी वाचला नव्हता. टाय लावलेलं अडाणीपण. मी तिथंच अर्ज लिहिला, पोच मागितली. शिक्का मारताना त्यानं मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. तिन्ही चार्ज रद्द. पाठोपाठ साहेबाचा फोन. आता मी मॅडम झाले होते.

"मॅडम, तुमचं काम करून दिलं. बाकीच्यांना सांगू नका."

म्हणजे बाकीचे होते.

त्यातले एक दादासाहेबच. त्यांच्या जीपचं कर्जही विकलं गेलेलं. त्यांनी सगळे चार्ज निमूट भरलेले. चहा पीत. साहेबाला प्रश्न विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार. परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. मोटारसायकलवरून उतरले नाहीत.

"अगं, तो अर्ज दे की. झेरॉक्स काढून घेतो. गावात बोलू नकोस."

मला त्यांची कीव आली नाही. किळस आली. एवढं शिवार नावावर, आणि कागद मागायला चोरासारखे आलेले.

"तसा न्हाई मिळणार दादासाहेब. सोमवारी शाखेत या. आमच्यासंगं रांगेत थांबा. साहेबाला तोंडावर सांगा, चार्ज खोटा हाय म्हणून."

"तुमच्यासंगं?"

"आमच्यासंगं."

त्यांनी गाडी वळवली.

माझं मिटलं. आता मी गप्प बसावं असं साहेबालाही वाटतं, दादासाहेबांनाही वाटतं. मी बसणार नाही. बाकीचे शोधून दहा जणांचे अर्ज लिहून झालेत. सोमवारी मला धरून आम्ही अकरा जण जाणार. दादासाहेब आले तर बारा. नाही आले तर अकरा पुरे.